रँक लिहायची तर खरी लिहा, पूर्ण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पुरवणीत स्वातंत्र्यदिनाच्या बातम्या वाचल्या. बऱ्याच गावांनी ध्वजारोहणाचा मान माजी सैनिकाला दिला, याचे समाधान वाटले. पण त्याच पानावर आमच्या तालुक्यातल्या तिघांच्या नावाआधी 'मेजर' छापले आहे आणि तिघांपैकी एकही जण मेजर नव्हता. एक नाईक म्हणून पेन्शनीला आला, दुसरा हवालदार म्हणून, तिसरे सुभेदार मेजर. चौथे गृहस्थ खरोखर ऑनररी कॅप्टन आहेत, त्यांच्या नावाआधी नुसते 'माजी सैनिक'. बातमीदाराने मुद्दाम काही केले असेल असे मला वाटत नाही. गावाने सांगितले ते त्याने लिहून घेतले. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण निवृत्तीनंतर सैनिकाला काय म्हणायचे ही बाब वरून दिसते तितकी लहान नाही.

मी महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सागरच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो आणि शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार अशा एकेका पायरीने वर आलो. आता गावी शेती बघतो आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांची, वीरपत्नींची कागदपत्रे करून देतो. नोव्हेंबरात हयातीचे दाखले, एरवी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कार्डे, 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर अडकलेली पेन्शन, पीपीओमध्ये म्हणजे पेन्शनच्या आदेशात चुकलेले पत्नीचे नाव. या कामापायी बँकेत, तहसीलला, दवाखान्यात सारखे जाणे होते आणि आमच्या लोकांना कोण कशी हाक मारते ते कानावर पडत राहते.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो. पोरगा ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आला की एसटी स्टँडवरच कोणीतरी विचारते, 'काय मेजर, कधी आला?' या हाकेत आपुलकी आहे. चहाच्या टपरीवर मला कोणी मेजर म्हटले तर मी त्याला दुरुस्त करत बसत नाही. पण टपरीवरची हाक वेगळी आणि छापलेले अक्षर वेगळे. हल्ली जवान पेन्शनीला आला की वेशीपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, पायघड्या घालतात, चौकात मोठा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर 'मेजर' लिहिलेले असते आणि फोटोतल्या खांद्यावर संगणकाने अशोकस्तंभ चिकटवलेला असतो. ज्याचा सत्कार चालला आहे त्याच्या बाहीवर बावीस-चोवीस वर्षांच्या नोकरीने दोन फिती आलेल्या असतात. पुढे तेच 'मेजर' लग्नपत्रिकेत जाते, ग्रामपंचायतीच्या फलकावर जाते, आपल्या बातमीत येते आणि शेवटी दशक्रियेच्या निवेदनातही तेच छापतात. त्या माणसाची खरी रँक गावात एकदाही लिहिली जात नाही.

एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या. बाहेरच्याला ती कापडाची पट्टी दिसते. तिच्यासाठी केडर, म्हणजे बढतीआधीचा प्रशिक्षणवर्ग, करावा लागतो. नकाशा वाचायचा, रात्री कंपासवर चालत जाऊन दिलेला बिंदू गाठायचा, हत्यार खोलून जोडायचे, दहा जणांचा सेक्शन घेऊन चढाई कशी करणार ते सँड मॉडेलसमोर, म्हणजे वाळूत मांडलेल्या नकाशासमोर उभे राहून अधिकाऱ्याला सांगायचे, आणि वर आर्मीची शिक्षणाची परीक्षा. शाळा अर्ध्यात सोडून भरती झालेल्या पोराला मॅप रीडिंगचा पेपर डोंगराएवढा वाटतो. आमच्या केडरला एक जण लाइट बंद झाल्यावर चादरीखाली टॉर्च धरून ग्रिड रेफरन्स काढायचा. वही संपली की सिगारेटचे पाकीट उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर चौकोन आखायचा आणि सकाळी पीटीला जाताना ते कागद मला तपासायला द्यायचा. तो पास झाला, नाईक झाला आणि नाईक म्हणूनच पेन्शनीला आला. आज त्याच्या दारावर 'मेजर' अशी पाटी आहे, मुलाने हौसेने लावलेली. मी विचारले तर म्हणाला, 'साहेब, नाईक लिहिलं की लोक विचारतात, एवढ्या वर्षांत नाईकच का?'

या प्रश्नाचा मला राग येतो. पलटणीत हवालदाराच्या जागा ठरलेल्या असतात, नायब सुभेदाराच्या त्याहून कमी. केडर पास असूनही जागा रिकामी झाली नाही म्हणून दोन फितींवर घरी येणारे चांगले सैनिक मी पुष्कळ पाहिले. आणि नाईक म्हणजे कमी, असे ज्यांना वाटते त्यांनी रायगड जिल्ह्यात माणगावला जाऊन यशवंत घाडगे यांचा पुतळा बघावा. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडल्यावर हा माणूस एकटा मशीनगनवर चालून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला आणि तो नाईक यशवंत घाडगे या नावानेच मिळाला. 1965 च्या लढाईत खेमकरणला पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, परमवीरचक्राच्या यादीत त्यांच्या नावाआधी तीच रँक आहे. त्यांना मोठे करण्यासाठी कोणी त्यांना मेजर केले नाही.

'सुभेदार मेजर'मधला सुभेदार गाळून नुसते मेजर लिहिण्याची चूकही फार होते. मेजर हा कमिशन्ड अधिकारी, त्याच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो. सुभेदार मेजराच्या खांद्यावरही अशोकस्तंभच असतो, पण त्याच्या खाली रंगीत पट्टी असते. त्यामुळे फोटोवरून ओळखताना लोक फसतात. आठशेच्या आसपास माणसांच्या पलटणीत सुभेदार मेजर एकच असतो. त्याने पोरांबरोबर खंदक खणलेले असतात, रजेच्या अर्जावरून कोणाच्या घरी काय चालले आहे ते त्याला कळते, आणि कमांडिंग ऑफिसरसुद्धा त्याला 'साहेब' म्हणतो. तिथवर पोचायला तीस वर्षे लागतात. त्याला मेजर म्हणून आपण बढती देतो असे वाटत असेल, पण त्याची तीस वर्षे आपण काढून घेतो.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत सगळे लिहून ठरलेले आहे. 2014 मध्ये सेना मुख्यालयाने स्पष्ट केले की 'निवृत्त' हा शब्द रँकला जोडायचा नाही, नावाच्या शेवटी लिहायचा, कारण रँक निवृत्त होत नाही, अधिकारी निवृत्त होतो. म्हणजे 'ब्रिगेडियर (निवृत्त) अमुक' हे चूक आणि 'ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)' हे बरोबर. फील्ड मार्शल तर निवृत्तच होत नाही. माणेकशा 1973 मध्ये फील्ड मार्शल झाले आणि 2008 मध्ये जाईपर्यंत फील्ड मार्शलच होते. शॉर्ट सर्व्हिसवाल्या, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नेमलेल्या अधिकाऱ्यांना मात्र सैन्य सोडल्यावर रँक लावायची मुभा नव्हती. 1983 पासून रेंगाळलेली ही मागणी सरकारने 2020 मध्ये मान्य केली. पाच, दहा, चौदा वर्षे नोकरी करून बाहेर पडलेल्या कितीतरी मुली त्यात होत्या, ज्यांनी खांद्यावर कॅप्टनची, मेजरची रँक वागवली आणि घरी आल्यावर त्यांना ती नावाआधी लिहिता येत नव्हती. हा निर्णय योग्यच झाला. पुण्यात कॅम्पात किंवा कोथरूडला फिरताना बंगल्यांवरच्या 'कर्नल', 'विंग कमांडर' अशा पाट्या वाचून मला बरे वाटते. माझे म्हणणे एवढेच, की जी काळजी कर्नलच्या पाटीवर घेतली जाते तीच नाईकच्या पाटीवर घेतली जावी. आमच्या माणसांच्या कागदावर आजही 'एक्स नाईक', 'एक्स हवालदार' असे लिहून येते. अधिकारी निवृत्त होऊनही रँक पुढे राहते, आणि जवान मात्र आधी माजी होतो, मग हवालदार.

ऑनररी रँकबद्दलही लोकांना माहिती नाही. दरवर्षी 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला निवडक जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ऑनररी, म्हणजे मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन केले जाते. चांगल्या हवालदाराला निवृत्तीच्या वेळी ऑनररी नायब सुभेदार करतात. हा मान फुकट वाटला जात नाही, आख्खी सर्व्हिस बघून दिला जातो. सियाचीनची चौकी जिंकणारे बाणा सिंह सुभेदार मेजर आणि ऑनररी कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर अंगात गोळ्या घेऊन चढलेले योगेंद्र सिंह यादवही पुढे ऑनररी कॅप्टन झाले. धोनी यांना 2011 मध्ये टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल केले, तेव्हापासून वृत्तपत्रे ती रँक आठवणीने लिहितात. लिहावीच. तेवढीच आठवण आमच्या तालुक्यातल्या ऑनररी कॅप्टनच्या वाट्याला यावी. त्यांना गावात आजही 'अण्णा' म्हणतात आणि शाळेच्या कार्यक्रमात त्यांची खुर्ची तिसऱ्या रांगेत असते.

आता मला या सगळ्यात सर्वांत जवळचे वाटते ते लिहितो. माझे आजोबा गावात मोलमजुरी करायचे. त्यांना नावाच्या शेवटी 'या' लावून हाक मारायचे, आणि हाक मारणारा वयाने नातवाएवढा असला तरी तशीच मारायचा. आजोबा 'जी' म्हणून उभे राहायचे. मी शिपाई म्हणून सुट्टीवर यायचो तेव्हा वरच्या आळीतले काही म्हातारे मला आजोबांच्या नावाने ओळखायचे, 'अमक्याचा नातू ना तू?' हवालदार झालो तेव्हाही तेच. पेन्शनीला आल्यावर ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या कामाला गेलो होतो. बाकावर बसलेल्या त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली आणि म्हणाला, 'या सुभेदार, बसा.' ग्रामसेवकाने मान वर करून बघितले. मी बसलो. तेव्हापासून त्या आळीत मी सुभेदार आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणाला 'या, बसा' म्हटल्याचे मला आठवत नाही.

आमच्या समाजाला या शब्दाची जुनी ओळख आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी. पलटणीच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते, पेन्शनीनंतर दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. त्यांना जाऊन शंभरावर वर्षे झाली, तरी आमच्या वस्तीत आजही कोणी नुसते 'रामजी' म्हणत नाही. याच सातारा जिल्ह्यात 1901 मध्ये बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचेमंडळी सुभेदारांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. चांगल्या कपड्यातली मुले बघून स्टेशनमास्तरने आधी चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. बापाची सुभेदारी मुलांच्या उपयोगी पडली नाही, हे मी विसरत नाही. त्याच सुमारास महारांची फौजेतली भरतीही बंद झालेली होती, पुढे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा दार पक्के उघडले. पण त्या काळातही सुभेदार रामजींना नावाने, जातीने हाक मारण्याऐवजी त्यांच्या कर्तृत्वाने हाक मारायला लावणारा एक शब्द होता. कोणाला हा साधा मोठेपणाचा सोस वाटत असेल, तर ज्यांना हाकेतला अपमान कधी सोसावा लागला नाही त्यांना तो तसा वाटेल.

जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे कर्ज असते, म्हणून तो दुसरी नोकरी धरतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावर आमची पुष्कळ माणसे उभी आहेत. माझ्या पलटणीतला एक हवालदार पुण्यात एका मोठ्या सोसायटीत सुरक्षा पर्यवेक्षक आहे. प्लाटून हवालदार म्हणून बर्फातल्या चौकीवर तीसेक माणसांचे रेशन, दारूगोळा, आजारपण त्याने सांभाळलेले. इथे दुचाकीवरून जाणारी पोरे त्याला 'ए वॉचमन' म्हणायची आणि तो ते ऐकून घ्यायचा. तिथे राहणाऱ्या एका बाईंचे वडील फौजेत होते. त्यांनी एकदा त्याला बूट कसे बांधले आहेत ते बघून विचारले, 'तुमची रँक काय?' दुसऱ्या दिवसापासून त्या 'हवालदारसाहेब' म्हणू लागल्या. त्याने नम्रपणे सांगितले, 'बाई, साहेब सुभेदारांना म्हणतात. मला फक्त हवालदार म्हणा.' जे आपले आहे तेवढेच घ्यायचे, ही फौजेची शिस्त अशी पक्की असते. आता तिथली लहान मुले त्याला हवालदारकाका म्हणतात.

आमच्या गावच्या एका निवृत्त शिक्षकांशी माझा या विषयावर वाद झाला. ते म्हणाले, लोकशाहीत सगळे नागरिक सारखे, घटनेने किताब बंद केले, मग निवृत्तीनंतर हुद्दा कशाला मिरवायचा? मी त्यांना घटनेचे 18 वे कलम काढून दाखवले. राज्यसंस्था कोणताही किताब देणार नाही असे त्यात आहेच, पण सैनिकी आणि विद्याविषयक मान त्यातून वगळलेले आहेत, तेही त्याच ओळीत आहे. भारतरत्न, पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा मागे लावायचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. रँकला ती बंदी नाही. आणि मी त्यांना म्हटले, तुम्ही सेवानिवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी सगळे गाव तुम्हाला गुरुजीच म्हणते, कारण तुम्ही आमच्या पिढ्या शिकवल्या. फौजीलाही त्याच न्यायाने त्याची रँक राहू द्या. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी भेटल्यावर त्यांनी मला माझी पलटण कोणती ते विचारले.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत आहे. रँक मानासाठी आहे, काम काढून घेण्यासाठी नाही. बांधाच्या भांडणात 'मी फौजी आहे' म्हणून आवाज चढवणे, तहसीलला रांग मोडणे, पुतण्याच्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर 'आर्मी' लिहिणे, प्लॉटच्या जाहिरातीत खांद्यावरच्या ताऱ्यांसह फोटो छापणे, पक्षाच्या प्रचाराच्या फलकावर वर्दीत उभे राहणे, हे सगळे बंद झाले पाहिजे. असे वागणारे थोडे आहेत, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांच्या रँकला डाग लागतो. माझ्याकडे कागदपत्रांसाठी येणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगतो. काहींना राग आला, ते यायचे बंद झाले.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. 26 जानेवारीला पुन्हा अशा बातम्या येतील. बातमीदारांना सांगावे, की माजी सैनिकाचे नाव लिहिताना रँक गावाला न विचारता त्याच माणसाला विचारा. शंका आली तर डिस्चार्ज बुक बघायला मागा, कोणी नाही म्हणणार नाही, उलट आनंदाने ट्रंकेतून काढून दाखवेल. नाईक असेल तर नाईक लिहा, शिपाई असेल तर शिपाई लिहा, पलटणीचे नाव लिहा. सुभेदार मेजर आणि ऑनररी कॅप्टन असेल तर दोन्ही लिहा, जागा लागली तरी लिहा. 'निवृत्त' नावाच्या शेवटी टाका. गेलेल्या सैनिकाच्या निधनवार्तेत तर हे जरूर पाळा, कारण ती दुरुस्त करून घ्यायला तो नसतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवायला हवी. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. त्यातली पहिली मुले चार वर्षे पूर्ण करून 2026 च्या अखेरीपासून घरी येऊ लागतील. योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे जास्तीत जास्त 25 टक्के फौजेत राहतील, बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आपण आज सगळ्यांना सरसकट लावतो तो 'माजी सैनिक' शब्दही त्यांच्या कागदावर नसेल. आमच्या तालुक्यातली अशी पोरे मला सुट्टीत भेटतात, वय बावीस-तेवीस, बोलताना अजून लाजतात, आणि गाव त्यांनाही मेजरच म्हणते. त्यांना सैन्याने 'अग्निवीर' ही रँक दिलेली आहे. ती मुले परत आल्यावर त्यांची बातमी छापाल तेव्हा त्यांना विचारून तीच रँक लिहा, आणि कोणत्या पलटणीत होता तेही लिहा.

कळावे,
आपला,

एक सुभेदार, महार रेजिमेंट (निवृत्त)
ता. कोरेगाव, जि. सातारा

(पत्रात गावातल्या माणसांचे उल्लेख असल्याने नाव छापू नये. नाव, पत्ता आणि रँकचा पुरावा सोबत जोडला आहे.)